सव्वाबाराची भुर्जी
चाकणहून सेकंड शिफ्ट करून कंपनीची बस मला भक्ती-शक्ती चौकात सोडायची, तेव्हा सव्वाबारा झालेले असायचे. समोर भुर्जीपावची गाडी. साडेआठला कॅन्टीनमध्ये जेवण झालेलं असलं तरी दोन पाव जायचेच.

वजन ९१. मग मी हट्टाला पेटलो. जिमची वर्षाची फी भरून १९ दिवस गेलो. ते फसलं तेव्हा जेवणं तोडली, आणि चार महिन्यांत ८० वर आलो. लाइनवरच्या पोरांना पार्टीही दिली. मधुमेहाची गोळी मात्र तशीच चालू होती, डॉक्टरांना विचारलं नव्हतं. एका रात्री फिक्श्चर लावताना हात थरथरले, दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. सोबत्यांनी साखर खायला घातली म्हणून निभावलं. गोळी घेणाऱ्याने उपास परस्पर सुरू करू नये, हे मला कॅन्टीनच्या बाकड्यावर आडवं पडून कळलं. पुढच्या वर्षभरात काटा ९३ वर.

बायको म्हणाली, "काय खाता ते राहू द्या, कधी खाता ते तरी लिहा." चाळीस पानी वही घेतली. वेळ, जागा, सोबत कोण, भूक होती का, एवढंच लिहायचं. कॅलरी नाहीत. पंधरा दिवसांत वहीने मला उघडं पाडलं. घरचं जेवण बेताचंच होतं. घोळ होता तो बस आणि घर यांच्यामध्ये, आणि भुकेच्या रकान्यात तिथे रोज 'नाही'. शिफ्ट सुटल्याचा आनंद मी पावाला लावून खात होतो. त्यातही गंमत अशी, की घर यमुनानगरात. त्रिवेणीनगरला उतरणं सोयीचं, पण मी पुढे जायचो!

तेव्हापासून त्रिवेणीनगरला उतरतो. 'आता खाणार नाही' अशी शपथ पूर्वी शंभरदा घेतली होती. गाडी दिसली की शपथ मोडायची. आता गाडी दिसतच नाही. घरी ताक झाकून ठेवलेलं असतं. तुम्हीही आधी वही घाला, मग तुमची गाडी कुठे उभी आहे ते शोधा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. मी तीन महिने फक्त उतरायची जागा बदलली होती. दुर्गाटेकडीवर चालायला जाणं त्यानंतर, तेही रविवारपुरतं.

काट्याइतकाच टेपही जवळ ठेवा. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडफोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२! आमच्यातल्या काटकुळ्यांनी हसू नये. आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या, बाईची ८० च्या आत हवी. माझी १०४ होती, दीड वर्षाने ९७ आहे. वजन ८६.

थर्ड शिफ्टचं अजून जमलेलं नाही. पहाटे तीनला कॅन्टीनमध्ये मिसळ असते, आणि तिथे उतरायला दुसरा थांबा नाही.