एलकानाने दिलेली सवड



शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातील पहिला अध्याय आपल्या परिचयाचा आहे. हन्नाने रडून देवाकडे पुत्र मागितला, हे आपण जाणतो. पुढचा प्रसंग मात्र सहसा लक्षात राहत नाही. वार्षिक यज्ञासाठी एलकाना सहकुटुंब शिलोला निघाला, तेव्हा बाळ अंगावरचे दूध सोडीपर्यंत आपण घरीच राहू, असे हन्नाने सांगितले. एलकानाने हट्ट धरला नाही. तिला योग्य वाटेल तसे करण्याची त्याने मोकळीक दिली.

गरीब आयांना अंगावर पाजण्याचे महत्त्व कळत नाही, असे आपण सहज बोलून जातो. काही चुकीच्या समजुती आहेत, हे खरे. पहिले घट्ट, पिवळसर दूध, म्हणजे चीक, पिळून टाकतात आणि बाळाला मध किंवा गूळपाणी चाटवतात. वास्तविक चीक रोगांपासून बाळाचे रक्षण करतो. जन्मानंतर तासाभरात बाळाला पाजावे, सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, वरचे पाणीही नको, आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा अधिक काळ पाजत राहावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

समजुती बदलतात, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. शाळेची पायरीही न चढलेल्या अनेक बायका तेथे शिकून गावोगावी आरोग्य सेविका झाल्या. शेजारणीचे बोलणे आयांना पटले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण कळले तरी सवड कोठून आणायची? पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची ऊसतोड कुटुंबे पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. खाडा झाला तर पैसे कापले जातात. तान्हे बाळ फडाच्या कडेला किंवा कोपीत थोरल्या बहिणीजवळ असते. नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. या मायबहिणीला ती नाही. मग बाटली हातात येते. पावडरचे दूध महाग, म्हणून ते पातळ करतात. पाणी अशुद्ध, म्हणून बाळाला जुलाब होतात. आणि बाळ जितके कमी ओढते, तितके दूधही आटत जाते. शेवटी बोल मात्र आईलाच लागतो.

दोन्ही वाटा खुल्या असतील तरच निवडीला निवड म्हणता येते. एकच वाट उरलेल्या आईला दोष देणे हा अन्याय आहे. ज्या मातेला आजारामुळे पाजता येत नाही, तिलाही कोणी टोचून बोलू नये.

पोप फ्रान्सिस यांनी २०१४ साली सिस्टाईन चॅपेलमध्ये बाळांना स्नानसंस्कार देताना, बाळ भुकेले असेल तर तेथेच पाजा, असे आयांना सांगितले होते. आपल्या मंदिरातही मिस्सावेळी कोणत्याही आईने संकोच करू नये, आणि कोणी वळून पाहू नये.

पतींनो, पाणी भरणे व चूल यांचा भार काही महिने उचला. सासूबाईंनो, सुनेला आधी जेवू घाला. शेतमालकांनो, पाजायला गेलेल्या बाईची मजुरी कापू नका. आपापल्या घरी व शेतावर आपण एलकाना होऊ या.

प्रभू आपल्या सर्व मातांना व बालकांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू