डोळ्यांत घालावयाचे थेंब आणि श्वासावाटे घ्यावयाची औषधे

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. कारखान्याच्या जवळच, चरोदा येथे, मालगाड्यांचे मोठे मार्शलिंग यार्ड आहे. अशा कामगार-वस्तीतील एखाद्या निवृत्त वृद्धास काचबिंदू आणि दमा हे दोन्ही विकार असू शकतात. त्याच्या उशाशी डोळ्यांच्या थेंबांची बाटली असते आणि शेजारी इनहेलर. या दोन औषधांचा परस्परांशी काही संबंध नाही, अशी घरच्या माणसांची समजूत असते. ही समजूत घातक ठरू शकते.

डोळ्याच्या आतील कोपऱ्यापासून एक सूक्ष्म मार्ग नाकात उतरतो. डोळ्यात न मावलेले औषध या मार्गाने नाकात जाते आणि तेथील अस्तरातून रक्तात मिसळते. काचबिंदूवरील टिमोलॉल हे औषध अशा रीतीने शरीरात पसरले, तर दमेकऱ्याच्या श्वासनलिका आकुंचन पावून जिवावर बेतू शकते. म्हणून परिचारिकेने थेंब घालण्यापूर्वी दम्याविषयी अवश्य विचारावे. दमा असल्यास डॉक्टरांना कळवून त्यांची आज्ञा येईपर्यंत थेंब घालू नयेत.

थेंब घालताना प्रथम हात धुवावेत; औषधाचे नाव, मुदत आणि डोळा उजवा की डावा, हे पडताळावे. रुग्णास मान मागे टाकून वर पाहावयास सांगावे. खालची पापणी हलकेच खाली ओढून तयार झालेल्या खोबणीत एकच थेंब सोडावा. बाटलीचे टोक डोळ्याला किंवा पापणीला लागू देऊ नये, कारण त्यामुळे जंतू बाटलीत शिरतात. नंतर डोळा मिटवून आतील कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटे दाबून धरावा. दुसरे औषध घालावयाचे असल्यास निदान पाच मिनिटे थांबावे.

इनहेलरच्या बाबतीतही औषध योग्य स्थळी पोहोचणे महत्त्वाचे. फवाऱ्याचा इनहेलर हलवून घ्यावा. रुग्णाने श्वास पूर्ण सोडावा, मग सावकाश आत घेऊ लागताच कळ दाबावी आणि श्वास सुमारे दहा सेकंद रोखावा. हे न साधणाऱ्यास स्पेसर द्यावा. कोरड्या भुकटीचे औषध मात्र जोराने ओढून घ्यावे लागते. त्याची कॅप्सूल उपकरणात घालावयाची असते, गिळावयाची नसते. स्टेरॉइड घेतल्यावर चूळ भरून थुंकावी, अन्यथा तोंडात बुरशी वाढते.

केवळ सांगून भागत नाही. रुग्णाकडून सर्व कृती आपल्यासमोर करवून घ्यावी. चूक कोठे होते, ते तेव्हाच कळते.