आधी वीज, मग डायल

जुन्या घड्याळांचे शौकीन पुष्कळ, पण बहुतेकांचा जीव चावीच्या घड्याळांत. विजेवरचं घड्याळ त्यांच्या लेखी पंख्याच्या जातीचं. असू दे, त्यामुळेच आमच्या खिशाला परवडणारं काहीतरी शिल्लक राहतं.

१. चोर बाजारात विक्रेता लाकडाचं पॉलिश दाखवतो. आपण घड्याळ उलटं करून मागची पाटी वाचायची: किती व्होल्ट, किती सायकल. आत क्वार्ट्झचं काळं डबडं बसवलेलं दिसलं, तर पुढच्या दुकानात जायचं.

२. अमेरिकन 'टेलेक्रॉन' देखणं असतं, पण हेन्री वॉरनची ती मोटर विजेच्या आवर्तनांवर फिरते. तिकडे सेकंदाला ६०, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येतं, आवर्तनं बदलत नाहीत. घड्याळ तासाला दहा मिनिटं मागे पडतं. ब्रिटिश 'स्मिथ्स सेक्ट्रिक' ५० सायकलचं, म्हणून इथे सुखानं चालतं. तेही ग्रिडच्या मर्जीनं. वारंवारता दिवसभर ४९.९ वर राहिली तर जवळजवळ तीन मिनिटांची तूट, आणि कितीही तेलपाणी केलं तरी ती भरून निघत नाही.

३. पहिलं घड्याळ कोणतं घ्यावं, असं विचाराल तर मी 'बुल' सांगेन. १९२०च्या दशकातलं, मॉरिस फाव्र-बुल या फ्रेंच माणसाचं. लंबकाच्या टोकाला गोळा नाही, तारेची कॉइल; ती वाकलेल्या चुंबकपट्टीवरून मागेपुढे सरकते. पट्टीची दोन्ही टोकं एकाच ध्रुवाची, विरुद्ध ध्रुव मधोमध. लंबक एका दिशेनं जाताना संपर्क जुळतो, कॉइलला हलका धक्का मिळतो. परतताना काही नाही. दीड व्होल्टचा एक सेल पुरतो. सेल उलटा लावला तर तीच कॉइल लंबकाला अडवते, म्हणून 'बंद आहे' म्हणून स्वस्तात विकलेलं बुल नेहमीच बिघडलेलं असतं असं नाही. जोर कमी वाटला की काही जण दोन सेल लावतात. तसं करू नये, ठिणग्यांनी संपर्क खराब होतात. आधी संपर्क साफ करा, लंबकाची टांगणी तपासा.

४. 'युरेका' (लंडन, १९०९ ते १९१४) कुणी दाखवलं तर किंमत विचारण्याआधी ते भलं मोठं बॅलन्स व्हील डोलताना पाहून घ्या. विकत घेणं जमेलच असं नाही.

५. जुन्या रबरी वायरवर भरवसा नको. रबर कडक होऊन तुकडे पडतात. प्लग लावून 'चालतं का बघू' हा मोह दुकानातच सोडायचा. काट्यांवर जुना रेडियमचा रंग असेल तर खरवडू नका. चकाकी संपते, किरणोत्सर्ग नाही.

६. बरीच जुनी ब्रिटिश घड्याळं वीज गेली की थांबतात आणि वीज परतली तरी थांबूनच राहतात. मागची खुंटी फिरवून सुरू करावी लागतात. घरचे वैतागतात. मला मात्र आपोआप सुरू होऊन चुकीची वेळ दाखवणाऱ्यापेक्षा ती बरी वाटतात. टेलेक्रॉननं यावर तोडगा काढला होता: वीज मध्ये गेली असेल तर डायलवर लाल ठिपका दिसतो. घेताना तो ठिपका काम करतो का, तेवढं विचारून घ्या.