उन्हात डोळे का दिपतात?



वार्षिक परीक्षा जवळ आली की तुमचे मैदान सुटते. शाळा, शिकवणी आणि घर, असा सारा दिवस चार भिंतींत जातो. परीक्षेनंतर तुम्हाला खेळायला बाहेर आणले, की निम्मी मुले कपाळावर हात धरून डोळे मिचकावत उभी! घरात बसून डोळे नाजूक झाले का, असे पालकही आम्हाला विचारतात. म्हणून हा पाठ.

प्रकाश 'लक्स' या एककात मोजतात. वर्गात साधारण ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो. भर दुपारच्या उन्हात तो एक लाखाच्या घरात जातो, म्हणजे दोनशे-तीनशे पट! डोळ्याची बाहुली लगेच आकसते. अंधारात तिचा व्यास ८ मिलिमीटरपर्यंत असतो, उन्हात तो २ होतो. गणित करा : व्यास चौथा हिस्सा, तर क्षेत्रफळ सोळावा हिस्सा. एवढ्याने भागत नाही. बाकीचे काम दृष्टिपटलावरील पेशी करतात. त्या आपली संवेदनशीलता कमी करतात, पण त्याला काही मिनिटे लागतात. तोवर डोळे दिपतात. हा आजार नव्हे.

करून पाहा : खिडकीकडे तोंड करून डोळे तळव्यांनी झाका. वीस अंक मोजून हात काढा. मित्राला तुमची बाहुली लहान होताना दिसेल. मात्र सूर्याकडे कधीही पाहू नका, दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते.

मग घरात बसून काहीच बिघडत नाही का? बिघडते. टीव्ही, मोबाईल पाहताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात आणि कोरड्या डोळ्यांना ऊन अधिक बोचते. घरातही काळा चष्मा लावून बसण्याची सवय लागली, तर उजेड आणखीच सोसवत नाही. याहून मोठे नुकसान म्हणजे लघुदृष्टी, लांबचे अंधुक दिसणे. चीनमधील ग्वांगझू शहरात सहा प्राथमिक शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा जादा तास मैदानावर दिला. २०१५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत त्या शाळांतील सुमारे ३० टक्के मुलांना लघुदृष्टी आली, इतर सहा शाळांत सुमारे ४० टक्के मुलांना.

आता आमची एक चूक सांगतो. एक विद्यार्थी उजेड सोसवत नाही म्हणून आठवडाभर मैदानावर येईना. आम्ही त्याला कामचुकार म्हटले. पुढे डॉक्टरांनी तपासले, तेव्हा डोळ्याच्या आत सूज निघाली. त्या दिवसापासून आम्ही आधी विचारतो, मग बोलतो. डोळा लाल होणे, दुखणे, अंधुक दिसणे किंवा सावलीतही उजेड न सोसणे, यांपैकी काहीही असेल तर नेत्रतज्ज्ञांकडे जावे. ताप आणि मान ताठणे सोबत असेल तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

एरवी उपाय साधा आहे. आधी पाच मिनिटे व्हरांड्यात थांबा, टोपी घाला, मगच उन्हात या. आपल्या इंदूरच्या मे महिन्यात सकाळ-संध्याकाळच बाहेर खेळा.

पालकांना आणि विश्वस्त मंडळींना एकच विनंती : परीक्षेच्या दिवसांत उजळणीसाठी मैदानाचा तास मागू नये. तो तासही मुलांच्या डोळ्यांचा अभ्यासच आहे.