एकत्र जमण्याचा हक्क आणि पोलिसांची लाठी



राज्यघटनेचा १९ वा अनुच्छेद तुम्ही नागरिकशास्त्रात वाचता. भाषणस्वातंत्र्य सगळ्यांना पाठ असते. त्याच्या लगेच खाली दुसरा हक्क आहे : शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा. परीक्षेत तो एका गुणाला येतो आणि नंतर कोणी त्याच्याकडे फिरकत नाही. दहावीच्या एका विद्यार्थिनीने मात्र वर्गात विचारले, "सर, हक्क आहे तर पोलिसांची परवानगी कशाला? आणि परवानगी असूनही लाठी का बसते?" एका तासात याचे उत्तर पुरे होईना, म्हणून येथे लिहीत आहे. पालकांनीही वाचावे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९६९ सालच्या अहमदाबादमधून सुरू होते. विद्यार्थ्यांच्या संपाच्या संदर्भात रस्त्यावर जाहीर सभा घेण्यासाठी हिम्मतलाल शहा यांनी परवानगी मागितली. पोलीस आयुक्तांनी ती नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेले. १९७२ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, वाहतूक आणि सुव्यवस्था यांसाठी सभेचे नियमन करता येते, म्हणजे वेळ, जागा, मार्ग ठरवता येतो. पण परवानगी कोणत्या कारणाने नाकारायची याचा काहीच निकष न देता सगळा अधिकार एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा नियम टिकणार नाही. तो नियम रद्द झाला. तेव्हा परवानगीचा अर्ज ही व्यवस्थेची सोय आहे. हक्क देणारी घटना आहे, अधिकारी नव्हे.

आता 'धारा १४४'. आपल्याकडे लोक "शहरात धारा लागली" असे म्हणतात, जणू साथच आली! महाराष्ट्रात यालाच जमावबंदी म्हणतात आणि तो शब्द अधिक खरा आहे, कारण काय बंद झाले ते त्यातच कळते. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि १४४ चे कलम १६३ झाले. आकडा बदलला, अधिकार तोच राहिला. असा आदेश साधारणपणे दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. राज्य सरकारने वाढवला तरी आणखी सहा महिनेच. १९५६ मध्ये नागपुरात गिरणी कामगारांच्या दोन संघटनांत तणाव होता, तेव्हा निघालेल्या अशाच आदेशाला बाबूलाल पराते यांनी आव्हान दिले. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले, पण ते तातडीच्या प्रसंगासाठी आहे म्हणून. २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात न्यायालयाने पुन्हा बजावले की, लोकांचे रास्त मत दाबण्यासाठी हे कलम वापरता येणार नाही.

राहिला लाठीचा प्रश्न. यासाठी एकच प्रसंग नीट समजून घेऊ.

४ जून २०११. दिल्लीच्या रामलीला मैदानात बाबा रामदेव यांचे काळ्या पैशाविरुद्ध उपोषण चालू होते. मैदान मुळात योगशिबिरासाठी मिळाले होते. रात्री परवानगी मागे घेतली गेली आणि साडेअकराच्या सुमारास १४४ चा आदेश निघाला. मध्यरात्रीनंतर पोलीस मांडवात शिरले. हजारो माणसे झोपली होती. त्यांत बायका, मुले, म्हातारी माणसेही होती. अश्रुधूर सोडला गेला, लाठ्या चालल्या. अनेक जण जखमी झाले आणि एका महिलेचा पुढे रुग्णालयात मृत्यू झाला. वर्तमानपत्रांतील बातम्यांवरून सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

२३ फेब्रुवारी २०१२ च्या निकालाचा मुख्य मुद्दा अगदी साधा आहे. जमाव पांगवण्याचा कायदा आधी 'पांगा' असा हुकूम द्यायला सांगतो. लोकांनी तो मानला नाही, तरच बळाचा वापर. झोपलेल्या माणसाने हुकूम मोडला असे कसे म्हणणार? त्याला जागे होऊन, पोरेबाळे गोळा करून बाहेर पडायला वेळ हवा. न्यायमूर्ती चौहान यांनी तर झोपेलाही जगण्याच्या हक्काचा भाग मानले. शिवाय पोलिसांच्या शिक्षणातच आहे की लाठी डोक्यावर किंवा गळ्याजवळच्या हाडावर मारायची नाही. लाठी पांगवण्यासाठी असते, शिक्षा देण्यासाठी नाही. शिक्षा देणे न्यायालयाचे काम आहे.

पण निकाल एकतर्फी नव्हता, आणि मला तो याच कारणाने शिकवण्याजोगा वाटतो. जमावातून पोलिसांवर विटाही फेकल्या गेल्या होत्या. आदेश कळल्यावर लोकांना शांतपणे बाहेर काढणे ही आयोजकांचीही जबाबदारी होती; रामदेव मात्र मंचावरून गर्दीत उतरले. न्यायालयाने भरपाईचा पाऊण भार सरकारकडे आणि २५ टक्के आयोजक संस्थेकडे दिला : मृत महिलेच्या वारसांना ५ लाख, गंभीर जखमींना ५० हजार, किरकोळ जखमींना २५ हजार रुपये. मर्यादा ओलांडणाऱ्या पोलिसांवर आणि हिंसा करणाऱ्या जमावातील लोकांवर, दोघांवरही कारवाईचे निर्देश दिले. आपल्या शाळेत पोलीस कर्मचाऱ्यांची मुलेही शिकतात. त्यांना हेही सांगावेसे वाटते की, दगड अंगावर येत असताना उभा राहणारा शिपाई हुकूम पाळत असतो. हुकूम देणाऱ्याने विचार केला होता का, हे न्यायालयाने तपासले.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी पुढच्या तासाला एका प्रश्नावर तयारी करून यावे. ज्यांच्या हाती लाठी नव्हती त्या आयोजकांवर चौथा हिस्सा टाकणे योग्य होते का? एका गटाने 'होय' आणि दुसऱ्याने 'नाही' ही बाजू मांडायची आहे. पाच मिनिटांनी बाजू बदलायच्या आहेत, म्हणून दोन्ही बाजूंची टिपणे आणावीत.