कर्ज जबलपुरातच आहे

राइट टाऊन, जबलपूर

चि. बाळ्यास अनेक आशीर्वाद.

तुझा पदवीदानाचा फोटो दादाने गोलबाजारच्या दत्तमंदिरात भेटेल त्याला दाखवला. नोकरी लागल्याचे वहिनीने कळवले. आनंद झाला. आता कामाचे बोलते. परवा फोनवर तू म्हणालास, की रूममेट सांगतात, कर्ज नाही फेडले तर इथली बँक अमेरिकेत येऊन काय करणार? हसण्यावारी नेलेस खरे, पण फोन ठेवण्याआधी तोच प्रश्न पुन्हा विचारलास. माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यातही कर्जविभागात. म्हणून हे पत्र.

तुझ्या मित्रांचे म्हणणे अर्धे खरे आहे. तिकडे तुझ्या दारात वसुलीला बहुधा कुणी येणार नाही. यायची गरजच नाही. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात आणि तुझे तारण म्हणजे आजोबांनी बांधलेले हे घर. रजिस्ट्रीचे मूळ कागद बँकेकडे आहेत, सहकर्जदार म्हणून सही दादाची आहे. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक, ठरते. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते आणि ती मुदतही टळली, तर बँक दिवाणी दावा न लावता घराच्या ताब्याच्या मागे लागू शकते. त्यावर दाद मागायचे ऋण वसुली न्यायाधिकरण जबलपुरातच आहे. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड इथली प्रकरणे तिथे येतात. खमरियाच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या दादाने त्या न्यायाधिकरणाच्या व्हरांड्यात फाईल घेऊन बसावे, असे तुला वाटत नाही हे मी जाणते. पण ‘बँक काय करणार’ या प्रश्नाचे उत्तर त्या व्हरांड्यात आहे.

आता आकडे. शिकत होतास तेव्हा हप्ता नव्हता, व्याज मात्र चालू होते. ते मुदलात मिळून आता सुमारे ४८ लाख झाले आहेत, व्याज साडेदहा टक्के. बँकेने १५ वर्षांची मुदत दिली आहे आणि त्यात हप्ता साधारण ५३ हजार बसतो. तुला तो हलका वाटेल. पण तसेच चालू ठेवलेस तर एकूण साडेपंच्याण्णव लाख भरशील, म्हणजे मुदलाच्या जवळजवळ दुप्पट. तेच पाच वर्षांत फेडलेस तर महिन्याला १ लाख ३ हजार आणि एकूण ६२ लाखांच्या आत. डॉलरमध्ये मोजलेस तर तुझ्या पगारात हे बसते. फक्त मोठा फ्लॅट आणि नवी गाडी थोडी लांबणीवर टाकावी लागेल. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतीआधी परतफेडीचा दंड घेता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. जास्तीची रक्कम भरताना बँकेला लेखी कळव, की हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा. न सांगता भरलेस तर हप्ताच कमी करून ठेवण्याची शक्यता असते.

रुपया घसरतोय, मग थांबून भरले तर कमी डॉलर लागतील, असेही कुणी सांगेल. २०१४ मध्ये डॉलर ६० च्या आसपास होता, २०२२ मध्ये ८० च्या वर गेला. म्हणजे वर्षाला साडेतीन-चार टक्के. तुझे व्याज साडेदहा. हिशेब तूच कर, इंजिनिअर आहेस.

तिकडच्या काही कंपन्या हे कर्ज डॉलरमध्ये वळवून देतात. व्याज कमी दिसते, इथले घर मोकळे होते, हा गुण मला मान्य आहे. तरी मी तुला घाई करू देणार नाही. तुझा ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतरचा कामाचा परवाना, एक वर्षाचा, स्टेम पदवीची दोन वर्षे वाढवून मिळाली तर तीन. पहिल्या काळात ९० दिवसांहून अधिक बेकार राहता येत नाही आणि एच-वन-बी सोडतीत लागेलच असे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. उद्या परत यावे लागले आणि पगार पुण्यात रुपयांत मिळू लागला, तर रुपयातले कर्ज झेपेल, डॉलरमधले उरावर बसेल.

म्हणून ही तीन वर्षेच फेडीची समज. विद्यार्थी व्हिसावर असेपर्यंत, पहिली पाच कॅलेंडर वर्षे, पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के सहसा कापत नाहीत. तो वाचलेला पैसा सरळ कर्जात घाल. सहा हप्त्यांएवढी रक्कम मात्र बाजूला ठेव. नोकरी गेलीच तर हप्ता चुकण्याआधी बँकेला लिही. आधी आलेल्या माणसासाठी मुदत वाढवायला अधिकारी खटपट करतात. चार महिने फोन न उचलणाऱ्यासाठी करत नाहीत. मीही करत नसे.

कर्ज काढून परदेशी शिकलास याची लाज वाटून घेऊ नकोस. डॉ. आंबेडकर सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांवर १९२० मध्ये लंडनला गेले. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये काढलेला निधीही विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती कर्जाऊच देतो. आलेला पैसा पुढच्याला जातो. बँकेचेही फार वेगळे नसते. एखाद्या शाखेत शैक्षणिक कर्जे बुडू लागली, की मॅनेजर पुढच्या मुलाच्या अर्जावर चार शंका जास्त काढतो. तो मुलगा बहुधा तुझ्याच शाळेतला असतो.

बारीकसारीक कामे राहिली. इथले बचत खाते एनआरओ करून घे, एनआरई खाते उघड आणि त्यातून हप्त्याची स्थायी सूचना लाव. इथला मोबाइल नंबर रिचार्ज करत राहा, नाहीतर ओटीपी येणार नाही. व्याजाची आयकर सवलत तुला इथे करपात्र उत्पन्न नसल्याने उपयोगाची नाही. दादा जुन्या करपद्धतीत असेल आणि व्याज स्वतःच्या पेन्शनमधून भरत असेल तर त्याला मिळू शकते. सीएला विचारून ठरवा. कर्ज संपले की ३० दिवसांत मूळ कागद परत देणे बँकेवर बंधनकारक आहे, उशीर तिच्यामुळे झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. ते कागद घ्यायला दादाबरोबर मी जाईन.

आणि फोनवर हप्त्याचा विषय तूच काढत जा. दादा काढणार नाही, ‘किस्त भरली का’ एवढेही विचारणार नाही. पण महिन्याच्या पाच तारखेला तो पासबुक छापून आणतो.

तुझी,
आत्या