आरोग्यपाठ : ‘कुठे जाऊन आलात?’



आपल्या पाड्यांवरची अनेक कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात आणि काही महिन्यांनी घरी परततात. मजुरीबरोबर कधी आजारही घरी येतो. अशाच एका क्वचित आढळणाऱ्या पण जीवघेण्या आजाराची ओळख या पाठात करून घेऊ. त्याचे नाव मेलिऑइडोसिस.

समजा, एक मधुमेही भाऊ कर्नाटकाच्या किनाऱ्यावर बांधकामावर राहून पावसाळ्याच्या शेवटी परतला. ताप, खोकला, वजनात घट. छातीच्या फोटोत डाग दिसतो. सर्वांच्या मनात पहिली शंका येते ती टीबीची, आणि ती योग्यच आहे. टीबी आपल्याकडे फार आहे. पण थुंकीच्या तपासण्यांत टीबीचे जंतू सापडत नाहीत, औषधांनी ताप उतरत नाही आणि पुढे यकृतात किंवा प्लीहेत गळू दिसते. अशा वेळी डॉक्टरांनी दुसऱ्या आजाराचा शोध घ्यायला हवा.

हा जंतू माणसात नव्हे, माती आणि पाण्यात राहतो. पायाच्या जखमेतून, श्वासातून किंवा दूषित पाण्यातून तो शरीरात शिरतो. पावसाळ्यात रुग्ण वाढतात. ईशान्य थायलंड आणि उत्तर ऑस्ट्रेलियात हा आजार चांगलाच परिचित आहे. भारतात उडुपी-मंगळूरचा किनारा, केरळ, तमिळनाडू व ओडिशा येथून रुग्णांची नोंद झाली आहे. 1911 साली रंगून येथे अल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी यांनी तो प्रथम ओळखला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनीही या आजाराविषयी बरेच लिहिले आहे.

मधुमेह हा सर्वांत मोठा धोका. मूत्रपिंडाचा आजार आणि अति मद्यपान यांनीही धोका वाढतो. लक्षणे बहुधा तीन आठवड्यांच्या आत दिसतात. पण जंतू शरीरात वर्षानुवर्षे दबून राहिल्याचीही उदाहरणे आहेत. म्हणून मागच्या महिन्यापुरते विचारून भागत नाही.

निदानाची खात्री कल्चरने होते. रक्त, थुंकी, लघवी आणि गळवातील पू तपासायला पाठवतात. जंतू वाढायला काही दिवस लागतात. प्रयोगशाळेला आधी शंका कळवली नाही, तर तो दुसराच जंतू समजला जाऊ शकतो किंवा बाहेरून मिसळला असेल म्हणून सोडून दिला जातो. पेनिसिलीन व बहुधा जेंटामायसिन यावर चालत नाही. सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान दहा ते चौदा दिवस, आणि त्यानंतर को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या किमान तीन महिने, असा उपचार असतो. बरे वाटले म्हणून गोळ्या सोडल्या तर आजार उलटतो. उत्तम सोयी असलेल्या ऑस्ट्रेलियात दहापैकी सुमारे एक रुग्ण दगावतो. जेथे सोयी अपुऱ्या तेथे हे प्रमाण कितीतरी जास्त आहे.

मग आपण काय करावे? आजाऱ्याबरोबर दवाखान्यात जा. तो कोठे, कोणत्या महिन्यात, कसले काम करून आला, चिखलात अनवाणी होता का, साखरेचा आजार आहे का, हे डॉक्टरांना सांगा. टीबीची औषधे स्वतःहून बंद करू नका. मधुमेह असणाऱ्यांनी चिखलात बूट घालावेत, जखम झाकावी. हा आजार एकापासून दुसऱ्याला सहसा लागत नाही, म्हणून रुग्णाला वेगळे टाकू नका.

लूककृत शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायातील शोमरोनी आठवा. त्याने जखमा बांधल्या, प्रवाशाला उतारशाळेत नेले आणि पुढच्या खर्चाचीही जबाबदारी घेतली. आपल्या देणग्यांचा अर्थ हाच. पहिल्या दिवसाच्या गाडीभाड्याइतकीच तिसऱ्या महिन्याच्या गोळ्यांचीही गरज असते.

उजळणीसाठी प्रश्न
1. टीबीची लक्षणे असूनही दुसऱ्या आजाराची शंका केव्हा घ्यावी?
2. प्रयोगशाळेला आधी कळवणे का महत्त्वाचे आहे?
3. आपल्या मंडळीत बाहेरगावच्या कामावरून कोण परतले आहे? त्यांना भेटायला कोण जाईल?

प्रार्थनेचा विषय : स्थलांतरित मजुरांसाठी, आणि त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांसाठी.